अक्काच्या स्वेटरचं वजन

सव्वीस वर्षं वजनमापं खात्यात काढली. दुकानदाराचा तराजू पाच ग्रॅमनं खोटा निघाला तरी मला चैन पडत नाही. मासिकाच्या या सदरातले गूढ अनुभव बायको मोठ्यानं वाचते आणि मी मध्येच "अंतर किती होतं? घड्याळात किती वाजले होते?" विचारून तिचा विरस करतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता आहे की नाही, ते मला नक्की सांगता येत नाही.

डिसेंबर १९८६. धाकटा भाऊ श्रीकांत अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात राहतो. त्याला मुलगा झाला म्हणून मी महिनाभरासाठी तिकडे निघालो होतो. आमची थोरली बहीण अक्का साताऱ्याला असते. तिनं बाळासाठी स्वेटर विणून दिला. हिरवा, मोहरी रंगाची पट्टी, पुढे पाच बटणं – चार पांढरी आणि सगळ्यात खालचं तपकिरी, मेव्हण्यांच्या कोटाचं. मेव्हणे जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. डाव्या काखेत आतून काळ्या लोकरीचा एक टाका, दृष्ट लागू नये म्हणून.

बॅग बंद होईना. स्वेटर ३१० ग्रॅम, चकलीच्या भाजणीची पिशवी ५००. श्रीकांतनं भाजणी मागितली होती. आणि खरं सांगायचं तर... तो बटणं न जुळणारा स्वेटर अमेरिकेत बाहेर काढायची मला लाज वाटली. स्वेटर कपाटात राहिला. निरोप द्यायला आलेल्या अक्कानं विचारलं, "बंडू, घेतलास ना?"

"घेतला गं."

श्रूजबरीला पोचून नऊ दिवस झाले आणि अक्काचं पत्र आलं. 'गळा जरा मोठा ठेवलाय. घालून फोटो पाठवा.'

"दादा, कुठला स्वेटर?" श्रीकांतनं विचारलं.

"बॅगेत आहे, तळाशी. काढतो उद्या."

भावजय माधुरी हसली. "भाऊजी, तुमच्या बॅगेला तळ तरी किती? भाजणी निघून आठवडा झाला, चकल्यासुद्धा संपल्या!"

दुसऱ्या दिवशी शनिवार. श्रीकांत म्हणाला, "चर्चमध्ये ख्रिसमस बझार भरलाय, चल. घरात बसून किती वेळ थर्मामीटर वाचणार?" मी लगेच निघालो, पण हेतू वेगळा होता. हिरवा, मिळताजुळता स्वेटर मिळाला तर घ्यायचा आणि फोटो काढून मोकळं व्हायचं.

दुपारचे अडीच, बाहेर उणे सहा. हॉलमध्ये पाइनच्या फांद्या, गरम सायडरचा म्हणजे सफरचंदाच्या रसाचा वास, एकोणीस टेबलं. श्रीकांत केक घ्यायच्या रांगेत थांबला. मी लोकरीचे कपडे बघत अकराव्या टेबलाशी आलो.

टोप्या-मोज्यांच्या ढिगात तो होता. हिरवा. मोहरी पट्टी. चार पांढरी बटणं, एक तपकिरी. मी बाही उलटी केली. काखेत काळा टाका...

 टेबलामागच्या म्हाताऱ्या बाईंना मोडक्या इंग्रजीत विचारलं, हा कुणी विणला? प्रत्येक कपड्याला विणणारीच्या नावाची चिठ्ठी टाचलेली होती. याला नव्हती. बाईंनी वही दोनदा चाळली.

"सकाळी मांडताना नव्हता हा," त्या म्हणाल्या. "बिनचिठ्ठीचं आम्ही विकत नाही. घेऊन जा. बाळ आहे ना घरी?"

श्रीकांत आला तेव्हा स्वेटर माझ्या कोटाच्या आत होता. घरी जाऊन तो 'बॅगेतून' काढला. बाळाला नेमका बसला. फोटो साताऱ्याला गेला.

भारतात परतल्यावर बूटही न काढता कपाट उघडलं. अक्काचा स्वेटर ठेवला होता तिथेच, तसाच घडी केलेला.

बायकोलासुद्धा बोललो नाही. पण यंदा मे महिन्यात अक्काची मुलगी बाळंत झाली. आपल्याकडे नव्या बाळाला आधी दुसऱ्या बाळाचं वापरलेलं घालतात, म्हणून श्रीकांत येताना तो स्वेटर घेऊन आला. एक दिवस आमच्याकडे मुक्काम होता. सगळे बाहेर गेल्यावर मी दोन्ही स्वेटर शेजारी ठेवले. पाठीवर ९६ टाके, दोन्हींत. एकेचाळिसाव्या ओळीत एक टाका निसटलेला, दोन्हींत. वजन ३१० आणि ३१०. तपकिरी बटणाची कड दोन्हींत एकाच जागी उडालेली.

साताऱ्याला अक्कानं श्रीकांतनं आणलेला स्वेटर मांडीवर घेतला, उलटा केला, काळा टाका चाचपला. "हे बटण लावताना फार रडले होते रे," ती म्हणाली. "म्हटलं, यांचं काहीतरी बाळाच्या अंगावर राहील. बंडूनं जपून नेलं हो."

मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

बझारमधला तो दुसरा स्वेटर कुठून आला, मला माहीत नाही. श्रीकांतनं, माधुरीनं मागवला असेल का, अक्कानं दोन विणले असतील का, सगळं ताडून पाहिलं. अक्काकडे ते तपकिरी बटण एकच होतं. कोट एका बटणाचाच होता.

अक्का, तू हा अंक घेतेस, शेवटच्या पानापर्यंत वाचतेस. म्हणून इथे लिहितोय. समोर बसून मला जमलं नसतं. तुझा स्वेटर मी नेला नव्हता. रविवारी सकाळच्या गाडीनं तो घेऊन येतो.