दादा मैदानात उतरला होता का?

माणूस गेला की दारात चपला साचतात आणि घरात किस्से. चपला संध्याकाळपर्यंत आपापल्या घरी जातात. किस्से इथंच राहतात.

दीड महिन्यापूर्वी माझा दादा, महेश, लोणी काळभोरच्या शाळेत मुलांना फुटबॉल शिकवायला निघाला होता. सोलापूर रोडवर मागून ट्रक आला. पुढचं मी लिहिणार नाही.

दादा भारताच्या युवा संघाचा गोलकीपर होता. राखीव. म्हणजे पहिला गोलकीपर पडला, आजारी पडला किंवा पळून गेला, तर खेळणारा. दादा संघाबरोबर चार देश फिरला. पहिला गोलकीपर असा धडधाकट, की त्याला चारही देशांत साधी सर्दी झाली नाही!

मी धाकटा. नववीनंतर मी शाळेत गेलो नाही आणि शाळेनंही निरोप पाठवला नाही. बुधवार पेठेतल्या एका दुकानात स्पीकर दुरुस्त करतो. किस्से बहुतेक अँथनीनं सांगितलेले आहेत. अँथनी आमच्या खडकीचाच, दादाच्या क्लबचा आणि त्याच युवा संघातला डिफेंडर. "अँथनी खेळायचा म्हणून संघ हरायचा," असं दादा म्हणायचा.

* * *

क्लबच्या खोलीत एक लाकडी बोर्ड आहे. त्यावर क्लबच्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंची नावं. शोकसभेच्या दिवशी मी सेक्रेटरी देवधरकाकांना म्हणालो, "काका, दादाचं नाव लावायचं राहिलंय."

काकांनी चष्मा पुसला. "असं आहे, बोर्ड खेळलेल्यांचा आहे. बसून आलेल्यांचा वेगळा बोर्ड आपल्याकडे नाही."

समोर दादाचा फोटो, फोटोला हार, आणि काका नियम सांगतायत! मी खुर्ची उचलली. मारायला नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"खाली ठेवा," काका म्हणाले. "भाड्याची आहे. तो एक मिनिट जरी मैदानात उतरला असेल, तर मला सांगा. मी स्वतः नाव रंगवीन."

त्या दिवसापासून घरी जो येईल त्याला मी पाण्याच्या ग्लासाबरोबर एकच प्रश्न देतो. दादा मैदानात उतरला होता का?

* * *

पहिली स्पर्धा. देशाचं नाव सांगत नाही, उगाच संबंध बिघडायचे. दोन्ही संघ रांगेत उभे, राष्ट्रगीत सुरू व्हायचं, आणि स्पीकर बंद पडला. मी असतो तर दोन मिनिटांत लावला असता. पण मला कोण नेतंय!

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात बेंचजवळून दादानं मोठ्यानं गायला सुरुवात केली. मग बाकीचे. दादाचा आवाज म्हणजे रिक्षा रिव्हर्स घेतल्यासारखा, पण गायला शेवटपर्यंत.

"त्या दिवशी आपण वेळेत आणि न चुकता पूर्ण केलेली तेवढी एकच गोष्ट," अँथनी म्हणाला.

"आणि मॅच?"

"सात गोल खाल्ले."

"दादा उतरला?"

"नाही रे. गायला तेवढा."

* * *

संघाबरोबर एक साहेब असायचे. ब्लेझर, खिशावर बिल्ला, काम माहीत नाही. सात गोलांनंतर सगळी पोरं मान खाली घालून बसलेली. साहेब ड्रेसिंग रूममध्ये आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "निराश होऊ नका. पहिली चार मिनिटं आपण बरोबरीत होतो!"

* * *

युवा स्पर्धेत वय तपासतात. मनगटाचा एक्स-रे काढतात. दादाला सोळाव्या वर्षीच भरघोस मिशी आली होती, त्यामुळे प्रत्येक देशात डॉक्टर आधी दादाकडेच यायचे.

एकदा समोरच्या संघानं तक्रार केली, हा पोरगा नाही, हा पोराचा बाप आहे. दादाचा तीनदा एक्स-रे काढला. तिन्ही वेळा वय बरोबर! शेवटी डॉक्टरांनी शिक्का मारून कागद दिला, "खेळण्यास पात्र".

दादा तो कागद घेऊन थेट कोचसरांकडे गेला. "सर, बघा, लेखी आलंय."

सरांनी कागद वाचला, घडी घातली आणि दादाच्या खिशात ठेवला. "छान. आता बस."

* * *

राखीव गोलकीपरला काम नसतं असं कुणी समजू नये. मॅचच्या आधी आपल्याच फॉरवर्डना सराव म्हणून तो गोलमध्ये उभा राहतो आणि ते त्याच्यावर शॉट मारतात. निदान तसा बेत असतो. आपल्या फॉरवर्डचे शॉट प्रेक्षकांत जायचे. दादा कुंपण ओलांडून बॉल आणायचा.

"बेंचवर बसून तुझा फिटनेस कसा काय टिकतो?" असं एकदा सरांनी विचारलं.

"सर, आपले फॉरवर्ड काळजी घेतात," दादा म्हणाला.

* * *

दादा परत आला की खडकीत फ्लेक्स लागायचा. फ्लेक्सवर नगरसेवक कमरेपर्यंत, त्यांचे चिरंजीव छातीपर्यंत आणि दादा पासपोर्ट साईझ. शेजारी शोभेला बॅट, स्टंप आणि क्रिकेटचा बॉल! दादा म्हणाला, "जाऊ दे, बॉल तर गोलच आहे ना."

शेजारच्या शिंदेकाकू ओवाळायला आल्या. "किती गोल केलेस रे?"

"काकू, मी गोलकीपर. मी गोल करत नाही."

"मग किती खाल्लेस?"

"एकही नाही."

"एकही नाही!" काकूंनी आरडाओरडा करून अख्खी चाळ गोळा केली. चार देशांत गेला आणि पोरानं एक गोल खाल्ला नाही! आईनं पेढे वाटले. दादा खोटं एक अक्षर बोलला नव्हता.

खरं काय ते घरात मला एकट्याला माहीत होतं, आणि मी ते त्याला विसरू देत नव्हतो. मला फुटबॉल येत नाही, टोमणा येतो. घरात सोफ्यावर बसला की म्हणायचो, "सवय आहे." बसमध्ये जागा मिळाली की म्हणायचो, "देशासाठी बस." त्या दिवशी सकाळी तो बाईक काढत होता, तेव्हाही दारातून ओरडलो, "मास्तर, स्वतः एकदा तरी खेळलास का?"

तो हसला. हेल्मेट घातलं आणि गेला.

माणसानं एवढं हसून उत्तर टाळू नये. मग धाकट्यानं काय करायचं?

* * *

परवा रविवारी अँथनी आला. आई आत चहा ठेवत होती. मी परत तेच विचारलं. तो उठून दारात चपला शोधायला लागला. माझं डोकंच सरकलं. मी त्याची कॉलर धरली.

"अरे, एका नावाचा प्रश्न आहे! आठव ना काहीतरी!"

"आठवायला कशाला पाहिजे," अँथनी म्हणाला. "महेशनं सगळ्या संघाला शपथ घातली होती. घरी सांगू नका, धाकटा जन्मभर चिडवेल."

मी कॉलर सोडली. मग त्यानं सांगितलं.

चौथा देश, शेवटची मॅच. आदल्या दिवशी ब्लेझरवाल्या साहेबांना पोरांची दया आली आणि त्यांनी कुठूनतरी 'घरच्यासारखं' पनीर मागवलं. सकाळी अर्धा संघ संडासात. साहेब ठणठणीत, ते हॉटेलच्या बुफेत जेवले होते. पहिला गोलकीपरही ठणठणीत, तो पनीर खात नाही!

उरलेले कसेबसे मैदानात उतरले. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना एका फॉरवर्डचा पाय मुरगळला. सरांनी बेंचकडे बघितलं. बेंचवर एकटा दादा.

"सर, मी गोलकीपर आहे."

"मला माहीत आहे. पुढे जाऊन उभा राहा. काही करू नकोस."

पनीरनं आजारी पडलेल्या एका फॉरवर्डचा शर्ट दादाला घातला, पाठीवर चिकटपट्टीनं दादाचा नंबर केला, आणि दादा आत गेला. भारताचा फॉरवर्ड म्हणून!

सात-आठ मिनिटं तो पुढे उभा राहिला, सांगितल्यासारखा. मग समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला आणि सगळ्यांना मागे यावं लागलं. दादा आपल्या गोलपाशी आला. "तिथं यायला नको होतं त्यानं," अँथनी म्हणाला. "गोल दिसला की त्याचं काय व्हायचं, तुला माहीत आहे ना?"

कॉर्नर आला. आपला गोलकीपर पुढे झेपावला आणि चुकला. त्यांच्या पोरानं डोकं मारलं. बॉल मोकळ्या गोलच्या वरच्या कोपऱ्यात चाललेला.

दादानं झेप घेतली. अख्खा आडवा, हवेत. आणि दोन्ही हातांनी बॉल पकडला! नुसता अडवला नाही, छातीशी धरून लोळला. उठला. सवयीनं ओरडला, "वर चला, वर चला!" आणि लांब किक मारली.

"रेफ्री शिट्टी वाजवायला विसरला," अँथनी म्हणाला. "त्यांच्या बेंचवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, शपथ! मग सगळ्यांना एकदम कळलं. पेनल्टी. रेड कार्ड. आम्ही हरलो, पण ते आधीच ठरलेलं होतं."

चहा घेऊन आई दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"मग?" आईनंच विचारलं.

"मग काय मावशी, ड्रेसिंग रूममध्ये सर लाल झालेले. म्हणाले, अरे महेश, तू फॉरवर्ड होतास, हात कसा लावलास?"

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, सर, गोल जात होता ना!"