कागदावरचे निरोगी बाबा

मी नर्स आहे. कॅनडात बस्तान बसल्यावर सौंसरला एकट्या पडलेल्या बाबांना तिकडे न्यायचं ठरवलं आणि त्यांच्या आरोग्यविम्यासाठी सुट्टी काढून आले. पर्याय दोन होते. स्वस्तातला विमा जुन्या आजाराला काहीच देत नाही, महागातला देतो. पण दोन्ही फॉर्मवर पहिला प्रश्न एकच: हृदयावर कधी उपचार झालेत का? 'हो' म्हटलं की कागद द्या. कागद नाहीत तर विमा नाही, आणि विमा नाही तर व्हिसा नाही.

बाबांच्या छातीत स्टेंट आहे. त्याचे कागदही आहेत, पण नागपूरच्या काकांच्या नावावर.

आमच्याकडे दुखणं वाढलं की नागपूर गाठायचं. सौंसर मध्य प्रदेशात, नागपूर महाराष्ट्रात. तिथल्या मोफत योजनेला तिथलंच रेशन कार्ड लागतं. मग ज्याचं कोणी नागपुरात आहे, तो त्याचं कार्ड घेऊन भरती होतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बाबा आणि काका दिसायला सारखे. मी कॅनडाला जायच्या आधी काकांच्या नावानं बाबा भरती झाले, नातेवाईक म्हणून सही मी केली, आणि घरी आल्यावर काय शक्कल लढवली म्हणून आम्ही पोटभर हसलो. त्या हसण्याची आज मला किळस येते.

काकांना फोन केला, म्हटलं, दवाखान्यात खरं सांगून नाव दुरुस्त करून घेऊ. "म्हातारपणी मले पोलिसात देतं काय वो?" म्हणून त्यांनी फोन ठेवला. छिंदवाड्याच्या डॉक्टरांकडे नव्यानं तपासणी करायला गेलो, तर त्यांनीही आधी डिस्चार्ज कार्डच मागितलं.

शेवटी बाबांना घेऊन पांढुर्ण्याच्या विमा एजंटाकडे गेले. त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि टेबलाखाली थुंकून लाल झालेला डबा.

"ताई, 'नाही' लिहा न. तुमचे बाबा कागदावर एकदम फिट हायेत. तिकडं कोण पाहाले येऊन राहिलं?"

"डॉक्टर पाहतील. एक तपासणी केली की स्टेंट दिसतो. मग विमा एक पैसा देत नाही."

"तवाचं तवा पाहू," तो म्हणाला आणि डब्यात थुंकला. मी खुर्ची मागे सरकवली.

आणि तरी मीच पेन उचललं. खोटं लिहिलेल्या पेशंटच्या मुलांना आमच्या वॉर्डात बिल हातात घेऊन रडताना मी पाहिलंय. सगळं माहीत असून मी 'नाही'वर खूण केली. त्या थुंकणाऱ्या माणसापेक्षा मला माझीच शिसारी आली.

बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी फॉर्म जवळ ओढला.

"सारं खरं लिवलं न बाई?"

"हो, बाबा."

"मंग झालं. तू नर्स हायेस, तुले समजते." त्यांनी सही केली.