भोंडल्यात खुपसलेलं नाक

परवाच्या भोंडल्यात मी लेकीच्या वर्गातल्या एका मुलीला हाताला धरून फेरात ओढलं. कुणी सांगितलं नव्हतं.

ऑफिसातून दमून दादरला घरी पोचलो, तर आमच्या गच्चीवर तिच्या वर्गातल्या मुलींचा भोंडला रंगात आलेला. मधे पाटावर खडूचा हत्ती. मला खरं तर खिरापतीची डिश घेऊन खाली जाऊन आडवं व्हायचं होतं. पण ही मुलगी पाण्याच्या टाकीला टेकून एकटीच बसलेली दिसली. वाळीत टाकलंय पोरीला, असं मी ठरवूनच टाकलं. पालकांच्या ग्रुपवर असल्या गोष्टी रोज येतात; मी अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळा होतो. त्या दिवशी मात्र अंगात आलं.

"चल गं, लाजतेस काय!"

अर्धं गाणं तिने कसंबसं काढलं. मग हात सोडवला, चपला उचलल्या आणि जिना उतरून गेली. गाणं थांबलं. मी आपला, "चालू दे, चालू दे!"

गाणं पुन्हा सुरू झालं, पण लेक फेरातून तडक माझ्याकडे आली. "कशाला ओढलंस तिला?"

"एकटी पडली होती गं."

"पडली नव्हती. बघत बसली होती. तिला तेच आवडतं. कोणी ओढणार नाही अशी शपथ घेतली मी, तेव्हा आली. आता कधीच नाही येणार आमच्याकडे."

"मला वाटलं, तुम्ही तिला घेत नाही."

"जिला घेत नाही, ती ही बघ."

तिने हनुवटीने दाखवली ती मुलगी सगळ्यात जोरात गात होती. मघापासून मी तिच्यावरच खूश होतो, काय धमाल पोर आहे म्हणून. आता नीट पाहिलं. शेजारणींनी तिचे हात धरले नव्हते; बाहीचं टोक धरलं होतं, चिमटीत.

"असं का?"

"सारखी जोक मारते. कोणालाच हसू येत नाही."

"आणि तू? तू धरतेस तिचा हात?"

लेक बोटांना लागलेला हत्तीचा खडू पुसत राहिली. मलाही पुढे काही विचारायचं त्राण नव्हतं.

"बरं, चल," मी म्हटलं, "तुझ्या त्या निघून गेलेल्या मैत्रिणीकडे जाऊन येऊ. सॉरी म्हणतो, दोन जोक सांगतो. हसेल ती."

"मी एकटी जाते. तू जोक सुरू केलास की खाली कट्ट्यावरचे काकासुद्धा उठून घरी जातात."