माहेरी, हुरडा खायला

आमच्या ह्यांना रविवारी घरात बसवत नसे. सोलापुरात गिरणीच्या हापिसात कारकून होते. आठवडाभर मान खाली घालून लिहायचं आणि सुट्टी आली की मित्र गोळा करून स्टेशन गाठायचं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. कधी कुर्डुवाडीला उतरून बार्शीच्या छोट्या गाडीत बसून यायचं, कधी नुसतं होटगीपर्यंत. आणि थंडी पडून ज्वारी हुरड्यात आली की ठरलेलं, अक्कलकोट रोड. तिथं स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर माझ्या वडलांचं रान होतं. म्हणजे माझं माहेरच की! दर हिवाळ्यात ही मंडळी माझ्या माहेरी पोटभर खाऊन ढेकर देत परत यायची, आणि लग्न होऊन आल्यापासून मी मात्र एकदाही गेले नव्हते.

आमच्यात मुऱ्हाळी आल्याशिवाय सुनेला माहेरी पाठवत नसत. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला न्यायला येणारा माहेरचा माणूस, बहुतेक भाऊच. मला भाऊ नाही. पहिल्या पंचमीला माझे वडील, अप्पाच आले, गुडघे दुखत असताना. आता लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आईबापांची रीत. अप्पा ओट्यावर बसले आणि सासूबाईंनी पुढं केलेला तांब्या त्यांनी हात जोडून परत केला. झालं! "आमचं पाणी चालत नाही, मग आमची सून कशी न्यायला चालते?" सासूबाई कडाडल्या. त्यांना काय ही रीत ठाऊक नव्हती? त्यांच्या बापानंही पाळली असेल. पण कारण मिळालं ते मिळालं. अप्पा तसेच उन्हात स्टेशनावर चालत गेले, आणि पुन्हा आले नाहीत.

मी ह्यांच्या मागं लागायची. "तुम्ही जाताच आहात, मला न्या की. अव्वाला डोळे भरून बघीन, संध्याकाळी परत." अव्वा म्हणजे माझी आई. हे म्हणायचे, "पुरुषांच्या घोळक्यात तू कुठं?" आणि परत आले की पिशवीभर हुरडा माझ्यापुढं टाकायचे, वर म्हणायचे, "घे, तुझ्या माहेरचा." मी तो कधी तोंडात घातला नाही. शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. अव्वा कशी आहे विचारलं की उत्तर एकच. "मजेत आहेत. काय भाकऱ्या करतात!"

मग एका वर्षी हेडक्लार्कच्या बायकोला हुरड्याची हौस आली. ती येणार म्हटल्यावर आणखी दोघी तयार झाल्या, आणि बायकांच्या सोबतीला यजमानाची बायको नको का? ह्यांनी सासूबाईंना पटवलं, की हे काही माहेरी जाणं नव्हे, ही सहल आहे. सहल म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. कसली अक्कल म्हणायची ही! पण मी हसत हसत तयार झाले. माझं लुगडं, माझी बांगडी, सगळं अव्वाला दाखवायचं होतं. मी अंगानं भरले आहे, बरी आहे, हे तिनं आपल्या डोळ्यांनी बघावं एवढंच मला हवं होतं.

गाडीतून उतरलो, बैलगाड्यांतून रानात आलो. अप्पांनी आगटी पेटवलीच होती. मंडळी गोवऱ्यांच्या धगीभोवती बसली, कणसं भाजायला लागली. मी कुणाकडं न बघता घराकडं पळाले. अव्वा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मी दारात उभी राहिले. तिनं मान वर केली, सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "या की बाई, बसा. भाकरी व्हतच आली हाय."

मला वाटलं थट्टा करते. मग दिसलं, की ती परातीची कड बोटांनी चाचपतेय. तव्याच्या वर तळहात धरून तो तापला का ते बघतेय.

"अव्वा, मी हाय."

तिचा हात तसाच राहिला. मग पिठाच्या हातांनीच तिनं माझं तोंड चाचपलं, कान, नाक, कपाळ. "लई वाळलीस गं," म्हणाली. मी वाळले नव्हते. मी म्हणाले, "डोळ्याला काय झालं तुझ्या? कुणी सांगितलं न्हाय मला!" ती म्हणाली, "हळू बोल, जावई ऐकतील. तुला कशाला घोर? तितं बसून तू तरी काय करनार व्हतीस?"

तेवढ्यात बाहेरून हाक आली, भाकऱ्या येऊ द्या. मी तिला बाजूला सारून थापायला बसले, तर तिनं मला बसू दिलं नाही. मग दोघींनी मिळून केल्या. ती थापायची, मी भाजायची. बाहेरची माणसं काही थांबेनात. वांग्याची भाजी द्या, चटणी द्या, ताक द्या. हेडक्लार्कीणबाई स्वैपाकघरात डोकावून म्हणाल्या, "बाई, माहेरी आलात, तुमची तर चैन आहे आज!" मी वळूनसुद्धा बघितलं नाही. चूल विझेपर्यंत उन्हं कलली, आणि हे दारात येऊन उभे. "चला, गाडी चुकेल." अव्वा दारापर्यंत आली आणि ज्या बाजूला बैलांच्या घुंगरांचा आवाज होता तिकडं बघत उभी राहिली. मी तर दुसऱ्या गाडीत बसले होते.

परतीच्या गाडीत सगळे रंगात होते. मला राहवेना. सगळ्यांसमोर ह्यांना विचारलं, "माझ्या आईला दिसत नाही. तुम्ही इतकी वर्षं तिच्या हातचं खाता. तुम्हाला एकदाही कळलं नाही?"

 हे मांडीवर थाप मारून मित्रांकडं वळले. "अरे, तरीच! गेल्या साली ताकात मिठाऐवजी साखर पडली होती, आठवतं? आणि आपण म्हणत होतो, जावयाचे लाड चाललेत!"

सगळे हसले. त्या बायकाही हसल्या. सोलापूर येईपर्यंत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून हसत होते, आणि मी खिडकीकडं तोंड करून त्या सगळ्यांना तळतळाट देत बसले होते.