आयतं खत

मुलांनी केलेलं काम आणि पालकांनी केलेलं काम यांतला फरक मला दारातूनच कळतो. थर्माकोलचा ज्वालामुखी ताठ उभा असेल तर तो वडिलांचा. मुलाचा ज्वालामुखी एका बाजूला कलतो आणि त्यावर बोटांचे ठसे असतात. बंगळूरच्या ज्या शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, तिथे प्रकल्पाच्या आदल्या संध्याकाळी किती आया ऑफिसातून लवकर निघतात हे मला ठाऊक आहे. शिक्षकांच्या खोलीत मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. म्हणू देत.

म्हणूनच सातवीच्या समाजसेवेसाठी मी असं काम निवडलं जे घरी नेताच येत नाही. ओल्या कचऱ्याचं खत. शाळेच्या मागच्या भिंतीशी भोकं पाडलेले निळे ड्रम ठेवले. मुलांनी डब्यातली सालं, घरून आणलेला भाजीचा कचरा आणि आवारातला पालापाचोळा थराथराने घालायचा, आठवड्याला वरखाली करायचा, आणि तयार झालेलं खत मागच्या गल्लीतल्या सरकारी शाळेला द्यायचं. तिथे कुंपणालगत एक पट्टा रिकामा होता. त्यावर भाजी करायची आणि ती दुपारच्या जेवणाच्या सांबारात घालायची.

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका चिक्कोडीकडच्या. मी निपाणीची, त्यामुळे आमचं बोलणं निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये चालतं. बाई माझ्याहून संशयी निघाल्या. मी काही मुलांना घेऊन गेले त्या पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “अक्का, आमच्याकडं सेवा करायला लई लोक येतात. एकसारखे टी-शर्ट घालून येतात, भिंत रंगवतात, रोपं लावतात, फोटो काढतात. रोपाला पाणी घालायला कुणी येत नाही.”

“आम्ही येऊ,” मी म्हटलं.

“बघू या.” त्यांनी माझ्या मुलांचे हात पालथे करून पाहिले. “काय स्वच्छ नखं आहेत! ही मातीत हात घालणारी नखं न्हवंत.”

आमच्या शाळेत सकाळी नखं स्वच्छ आहेत का ते तपासतात.

बाईंची अट एकच होती. खत मुलांनी स्वतः केलेलं हवं. “विकतचं एक मूठ जरी दिसलं तर माझं गेट बंद. विकतचंच टाकायचं तर तुमची पोरं मला कशाला पाहिजेत?” हट्ट वाटला तरी त्यामागे कारण होतं. त्यांच्या शाळेच्या समितीतल्या काही जणांना तो पट्टा काँक्रीट करून गाड्या लावायला हवा होता. ‘दोन शाळांची मुलं मिळून बाग करतायत’ एवढंच सांगून बाईंनी ते थोपवलं होतं. बाग म्हणजे नुसता देखावा आहे असं कुणी दाखवून दिलं असतं, तर पट्टा गेलाच असता. त्यांच्या मुलांनी तर जमीन खणून, पालक आणि माठाची रोपं तयार करून ठेवली होती.

जूनमध्ये सुरुवात केली. आंब्याचा मोसम संपत आलेला, त्यामुळे तळाच्या थरात कोयीच कोयी होत्या. कोय लवकर कुजत नाही हे मुलांना मी वेगळं शिकवलं नाही. दर आठवड्याला वरखाली करताना ती फावड्याला आडवी यायचीच. दसऱ्याच्या सुमारास ड्रममधला माल चांगला काळा झाला होता. सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी खत द्यायचं ठरलं. सुट्टीत ड्रमकडे बघायची जबाबदारी जवळच्या सोसायटीत राहणाऱ्या पाच-सहा मुलांनी घेतली. त्यांची प्रमुख एक चुणचुणीत मुलगी होती, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली. मी निपाणीला गेले.

परत आले त्या सकाळी आधी ड्रमकडेच गेले. झाकण उघडलं आणि जागच्या जागी थांबले.

खत सुंदर होतं. फार सुंदर. चाळल्यासारखं बारीक, कोरडं, सगळीकडे एकाच रंगाचं. हात घातला तर बोटांना नारळाच्या काथ्याचे तंतू लागले. आमच्या ड्रममध्ये काथ्या कधी घातलाच नव्हता. अंड्याच्या टरफलाचा तुकडा नाही, काडी नाही. मी कोपरापर्यंत हात घातला. एकही कोय नाही. दुसऱ्या ड्रमचीही तीच कथा. शिवाय ड्रमच्या बाहेरच्या बाजूला फिनेलचा वास येत होता. कचऱ्याचा ड्रम फिनेलने कोण धुतं? ज्याला काहीतरी पुसायचं असतं तो.

माझा पहिला संशय पालकांवर, आणि त्यातही त्या मुलीच्या वडिलांवर. हे गृहस्थ बेळ्ळंदूरला कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सुपर्ब इनिशिएटिव्ह मॅम’ असं लिहून आमच्या ड्रमचे फोटो टाकायचे. मुलीला आणायला आले तेव्हा मी त्यांना फाटकातच गाठलं.

“दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही खत विकत घेतलंत का?”

“हो मॅम,” ते इतक्या सहज म्हणाले की माझी पुढची तयारी वाया गेली. “हिने सांगितलं, स्कूलला लागणारे. मी ऑर्डर केलं. क्वालिटी ठीक आहे ना? रिव्ह्यूज चांगले होते.”

“कशाला लागणार आहे, हे विचारलं नाहीत?”

“मॅम, ही थर्माकोल मागते, मी ऑर्डर करतो. चार्ट पेपर मागते, ऑर्डर करतो. खत मागितलं, ऑर्डर केलं. रेडीमेड चालत नाही का?”

बापाच्या मागे उभी राहून मुलगी बुटांकडे बघत होती. गाडीत बसतानाही तिने मान वर केली नाही. म्हणजे हे वडिलांचं काम नव्हतं. ते फक्त पैसे आणि पत्ता देण्यापुरते होते. मग आमचं खत गेलं कुठे? कुणी विकलं? एचएसआर लेआउटमध्ये गच्चीवर बागा करणाऱ्यांना असलं खत हवंच असतं. माझ्या मनात माळ्यापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी वॉचमनला विचारलं. सुट्टीत त्याच्या जागी बदलीचा माणूस होता, त्यामुळे त्याला काही माहीत नव्हतं. पण आवार धुंडाळत जनरेटरच्या खोलीमागे जायला निघाले तेव्हा तो आडवा आला.

“तिकडे नको मॅडम. कुणीतरी माट-मंत्र केलंय.”

“काय केलंय?”

“करणी. फ्लेक्सखाली लिंबं कापून टाकलीत, कुंकू आहे. मी सुद्धा जात नाही. मॅनेजमेंटला सांगायचं होतं, पण म्हटलं आधी अमावास्या होऊ दे.”

करणी असेल तर ती शाळेवर कशाला, शाळेची फी ठरवणाऱ्यांवर करतील, असं मनात म्हणत मी पुढे गेले. वास आधी आला. जनरेटरच्या मागे गॅदरिंगचा जुना फ्लेक्स पसरून, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या होत्या. एक वीट पायाने सरकवली. खाली काळा-हिरवा चिखल, त्यात लालभडक ओघळ, कापलेली लिंबं, केळीच्या खुंटांचे तुकडे आणि मोठमोठ्या कोहळ्यांची फुटकी सालं. आणि त्या चिखलात ओळखीच्या, काळ्या पडलेल्या आंब्याच्या कोयी.

इथे राहिलेल्या माणसाला मग काही सांगावं लागत नाही. आयुधपूजेला या शहरात प्रत्येक गाडीसमोर, दुकानासमोर, फाटकासमोर कोहळा फोडतात. दृष्ट काढतात. कोहळ्यात कुंकू भरलेलं असतं, चाकाखाली लिंबं, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. दुसऱ्या दिवशी सगळा रस्ता त्या ओल्या कचऱ्याने घसरडा झालेला असतो. आमच्या शाळेतही सुट्टी लागायच्या आधी बसची पूजा झाली होती आणि सातवीने हट्टाने ड्रमलाही हार घातले होते. आपलं आयुध हेच, म्हणून.

दसऱ्यात ड्रम सांभाळणाऱ्या त्या मुलांना मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलं. दार लावलं. कोय टेबलावर ठेवली.

मग ती मुलगीच म्हणाली, “मॅम, आम्ही चोरी नाही केली.”

“मी चोरी म्हटलं नाही. सांग.”

“पूर्ण रस्ता खराब झाला होता. एक अंकल स्कूटरवरून पडले. तुम्हीच म्हणता ना, ओला कचरा रस्त्यावर नाही, ड्रममध्ये. म्हणून आम्ही सगळ्या सोसायटीचे कोहळे उचलले. बाजूच्या सोसायटीचे पण.”

“आणि सगळे ड्रममध्ये घातले? तयार खतावर?”

“दाबून,” एक मुलगा म्हणाला. त्याला वाटलं, निदान हे तरी कौतुकाचं आहे.

कोहळा म्हणजे निव्वळ पाणी. कोरडा पाला न घालता एवढे कोहळे दाबले तर आत हवा राहत नाही, सगळं सडतं. आठवडाभराने झाकण उघडलं तेव्हा दोघांना उलटी झाली म्हणे. शनिवार तोंडावर आलेला. मग सगळं उपसून लपवायचं, ड्रम धुवायचे आणि वडिलांना ऑर्डर द्यायला लावायची, हा बेत त्या मुलीचा. “गेट बंद झालं तर त्यांची भाजी जाईल ना, मॅम. रोपं तर तयार आहेत. म्हणून.”

मी तिला रागावले नाही आणि शाबासकीही दिली नाही. एवढंच विचारलं, “त्या बाई खतात हात घालणार नाहीत असं वाटलं तुला?”

“घालतील.”

“मग?”

“मग आपणच सांगू या. आधी.”

त्या दुपारी मुलांना घेऊन मी मागच्या गल्लीत गेले. बरोबर त्या सडक्या मालाची एक बादली घेतली, झाकण लावून. मुलीने सगळं कन्नडमध्ये सांगितलं, अडखळत, मध्येच इंग्रजी घालत. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी बादलीचं झाकण उचललं, पदर नाकाला लावला आणि परत ठेवलं.

“हे तरी तुमच्या पोरांचंच, कशावरून? हेही कुठून आणलं असलं तर?”

मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी म्हणाली, “विकत आणलं असतं तर एवढं घाण आलं असतं का, मिस?”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. “हां,” त्या म्हणाल्या. “हे मात्र पैसे देऊन कुणी आणत नाही.”

मला वाटलं सुटलो. पण त्या माझ्याकडे वळल्या. “अक्का, ते आयतं खत परत न्या. आणि ही घाण सगळी इथं आणा, माझ्या डोळ्यांसमोर. पट्ट्याच्या कडेला ढीग करा. तुमची पोरं आणि माझी पोरं मिळून नीट करतील. समितीला मी सांगितलंय खत येतंय म्हणून. आता ते आलंच पाहिजे. संक्रांतीपर्यंत नाही झालं तर ते लोक सिमेंट घेऊन येतील, आणि मी त्यांना अडवणार नाही.”

आयतं खत मुलीच्या वडिलांच्या बाल्कनीत गेलं. तिथे आता टोमॅटो आहेत, त्यांचे फोटो ग्रुपवर येतात.

ढिगावर आम्ही वाळका पाला आणि सुतारकामाच्या दुकानातला लाकडाचा भुसा घातला, दर शनिवारी उलटापालटा केला. सुरुवातीला आमची मुलं हातमोजे घालून आली. बाईंच्या मुलांनी त्यांना “डॉक्टर, डॉक्टर” म्हणून इतकं चिडवलं की दुसऱ्या खेपेला मोजे दप्तरातच राहिले. मी दर वेळी ढिगात हात घालून कोयी आहेत ना ते बघत होते. बाई माझ्या आधीच येऊन बघून गेलेल्या असायच्या.

संक्रांतीच्या आधी ढीग काळा झाला, वास गेला. पट्ट्यावर पसरला, नव्याने तयार केलेली रोपं लावली. समितीचे लोक आले, चपला न काढता वाफ्यांमधून फिरले आणि गेले. सिमेंट आलं नाही. पुढच्या वर्षी येईल का, माहीत नाही.

त्यानंतर पालकाच्या मधून जाड पानांचे अंकुर वर आले. कुणी लावले नव्हते. बाईंनी लगेच मला बोलावून घेतलं. “हे काय लावलंत मला न विचारता?” मी निरखून पाहिलं. कोहळा. फोडलेल्या कोहळ्यांतलं बी ढिगात टिकलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाई म्हणाल्या, उपटून टाका, दृष्टीच्या कोहळ्याचं आहे, त्याची ताकातली मज्जिगे हुळी पोरांना कशी घालायची?

मुख्याध्यापिका बाईंनी कमरेवर हात ठेवून वेलाकडे बघितलं, जणू त्याने काही खोटं सांगितलं असावं. “दृष्ट त्या कोहळ्यानं घेतली आणि तो फुटला,” त्या म्हणाल्या. “ह्यानं काय केलंय? राहू दे. वर मांडव करा.”

मांडव मुलांनीच बांधला. एका बाजूला कलतो. मला बरं वाटतं.

शनिवारी आम्ही जातो तेव्हा बाई गेटात उभ्या असतात. कडी काढायच्या आधी म्हणतात, “नखं दाखवा.” मुलं हात पुढे करतात. ज्याची नखं स्वच्छ असतील त्याला त्या बाजूला काढतात आणि आधी नव्या ढिगाकडे पाठवतात. परवा त्यांनी माझेही हात बघितले.