हवेचा स्क्रू, दीड फेरा

आता हसणार नसाल तरच सांगतो. आणि मुख्य म्हणजे शाळेत कुठं बोलू नका. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. इंजिनात पेट्रोल आणि हवा कशी मिसळते, हे बावीस वर्षं फळ्यावर रंगीत खडूनं काढतोय. आणि मीच... जाऊ दे. पहिल्यापासून सांगतो.

माझी मोटारसायकल जुनी, काळी. तिला खोड एकच. थांबली की बंद पडायची! पळताना वाघ, आणि शाहूपुरीच्या सिग्नलला आली की मांजर. मागनं हॉर्न, मी किका मारतोय, आणि कोणतरी हमखास ओरडायचा, "ओ पावणं, ढकलू काय?"

आमची सुनीता म्हणाली, "अहो, मेस्त्रीकडं न्या की एकदा."

"एवढ्याशासाठी मेस्त्री? कार्ब्युरेटरला दोन स्क्रू असतात. एक रेसचा, एक हवेचा. हवेचा पूर्ण आत घ्यायचा आणि दीड फेरा बाहेर काढायचा. झालं! मोबाईलवर चार व्हिडिओ बघितलेत मी."

"चार बघितलासा म्हणून तर भ्या वाटतंय," ती म्हणाली.

घाई अशी होती की दुसऱ्या दिवशी, रविवारी, नरसोबाच्या वाडीला अकराच्या आत पोचायचं होतं. मेव्हणीला बघायला पाहुणे येणार. आधी सगळ्यांनी मिळून दत्ताचं दर्शन, मग शिरोळला सासऱ्यांच्या घरी पोहे आणि बोलणी. थोरला जावई म्हणून मी पाहिजेच, असं सासऱ्यांनी तीनदा फोन करून सांगितलेलं.

शनिवारी शाळा सकाळची. जेवलो आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली पार्किंगमध्ये आलो. खांबाजवळ माझी गाडी उभी, कव्हर घातलेली. पाऊस होता आणि वरचा पत्रा गळत होता, म्हणून कव्हर सगळं काढलं नाही. उजव्या बाजूनं तेवढं वर सारलं. चावी आत हात घालूनच फिरवली. किक मारली.

पहिल्या किकला चालू! आणि आवाज कसा? एकसारखा, मऊ. बंद पडायचं नावच नाही!

शहाणा माणूस तिथंच थांबला असता. मी काय म्हणालो? म्हणालो, दवाखान्याच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते, तसलं आहे हे. ही उद्या रस्त्यात मला दगा देणार. आणि लावला की ड्रायव्हर हवेच्या स्क्रूला.

दीड फेरा काढला. गाडी खोकायला लागली. पाव फेरा आत घेतला. फटाफट आवाज. रेस वाढवली तर अशी किंचाळली की वरच्या तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

पहिल्या मजल्यावरनं मगदूम अण्णा खाली आले. अण्णा रिटायर माणूस, स्वभावानं कडक. त्यांची गाडीही माझ्यासारखीच, तीच कंपनी, तोच काळा रंग. कव्हरंसुद्धा आम्ही दोघांनी एकदमच घेतलेली. पण अण्णांची गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती. रोज पुसणार, रोज कान देऊन ऐकणार.

"काय चाललंय हो सर?"

"ट्यूनिंग करतोय, अण्णा."

अण्णांनी मान वाकडी करून आवाज ऐकला आणि तोंड कडू केलं. "सर, रागावू नगा. पण ही गाडी कुणी कधी सांभाळलीच न्हाय. आवाजच सांगतोय की!" मग पलीकडच्या कव्हरावर हात ठेवून म्हणाले, "माझी बघा. अठरा वर्षं झाली, परक्याचा हात लागू दिला न्हाय."

माझा असा पारा चढला! पण शेजारी, वयानं मोठे. बोलणार काय?

"आणखी बाहेर घ्या स्क्रू," अण्णा म्हणाले.

"व्हिडिओत दीडच फेरा सांगितलाय."

"व्हिडिओतल्यानं ही गाडी बघितल्या व्हय? सरका तिकडं!"

मग अण्णा बसले. त्यांनी दोन फेरे काढला. गाडी आचके द्यायला लागली! मी आत घेतला. बंद! ते बाहेर, मी आत. तासभर आमचं हेच. शेवटी अण्णांनी निकाल दिला, आत कचरा असणार, कार्ब्युरेटर खोला.

खोलला. स्क्रू काढला, त्याची तांदळाएवढी स्प्रिंग एका झाकणात ठेवली. पेट्रोल येतं तो बारीक भोकाचा जेट काढला. अण्णा म्हणाले, "आणा, मी फुंकतो." आणि छाती भरून अशी फुंक मारली, की जेट साफ झाला का नाही देवाला ठाऊक, झाकणातली स्प्रिंग मात्र उडाली ती सरळ गटारीच्या जाळीत!

दोघंही जाळीकडं बघत राहिलो.

"जाऊ दे हो," अण्णा म्हणाले. "भंगारच हाय. तिच्यावर किती जीव काढायचा?"

स्प्रिंगशिवाय जोडली. चालू झाली ती रेडा अंगावर आल्यासारखी. मी घाबरून चावी काढून घेतली. वर गॅलरीतनं सुनीता विचारतीय, "झालं का हो?" काय सांगू तिला? कपाळ माझं?

पण अण्णांना दया आली. खिशातनं स्वतःची चावी काढून माझ्या हातात दिली. "उद्या माझी गाडी न्या. सासुरवाडीचं काम हाय. फक्त खड्ड्यातनं जपून."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. खरंच सांगतो! अठरा वर्षं ज्या गाडीला परका हात नाही, ती हा माणूस मला देतोय.

रविवारी सकाळी आम्ही नटूनथटून खाली. अण्णा आमच्याकडं दत्ताला वाहायला नारळ द्यायला आलेले. त्यांची चावी हातात घेऊन मी पलीकडच्या गाडीचं कव्हर ओढलं.

आणि तसाच उभा राहिलो.

सुनीता म्हणाली, "अहो, ही आपलीच गाडी हाय की!"

नंबर माझा. आरशाला गेल्या आठवड्यात मी बांधलेली सुतळी माझी. मग... मग खांबाजवळची कुणाची? मी कव्हराला हात लावायच्या आत अण्णांनीच ते ओढलं.

अण्णांचा चेहरा मी सांगू शकत नाही. नारळ हातातनं पडायचा राहिला, एवढंच.

"पण अण्णा," मी कसंबसं म्हणालो, "माझी गाडी रोज खांबाजवळच असते..."

अण्णा खाली बसले आणि त्यांना आठवलं. शनिवारी मी शाळेत असताना पाण्याचा टँकर आला होता. पाईप यायला वाट पाहिजे म्हणून अण्णांनीच दोन्ही गाड्या कव्हरासकट बाजूला ढकलल्या आणि परत लावताना अदलाबदल झाली. माझी चावी कशी लागली म्हणाल, तर तसल्या जुन्या गाड्यांची लॉकं झिजून गेलेली असतात. चमचा घातला तरी फिरतील!

"म्हंजे काल मी..." अण्णा पुटपुटले, "मी माझ्याच गाडीला भंगार म्हणालो?"

सुनीता मात्र म्हणाली, "चला आता! मी साडी नेसून बसलोय सकाळी सातपासनं!"

आम्ही माझ्याच गाडीवर गेलो. वाटेत ती किती वेळा बंद पडली ते मोजायचं मी जयसिंगपुरात सोडून दिलं. शिरोळला पोचलो तेव्हा पोहे संपलेले, पाहुणे उठलेले आणि लग्न ठरलेलं! मी नव्हतो तरी ठरलं. सासऱ्यांचं म्हणणं, मी नव्हतो म्हणूनच ठरलं.

सोमवारी संध्याकाळी दोन्ही गाड्या मेस्त्रीकडं. अण्णांची तर आम्ही दोघांनी ढकलत नेली. मेस्त्रीनं आधी माझी घेतली. वाकून बघितलं, प्लगची टोपी दाबून बसवली, किक मारली. गाडी गुरगुरत उभी राहिली ती राहिलीच!

"टोपी सैल हुती," तो म्हणाला. "कार्ब्युरेटरला काय धाड झालेली न्हाय."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं!

त्यांच्या गाडीची स्प्रिंग मात्र कुठं मिळेना. मेस्त्री म्हणाला, जुनं मॉडेल, दहा दिवस लागतील. मग ते दहा दिवस अण्णांना सकाळी जैन बस्तीत दर्शनाला कोण सोडणार? संध्याकाळी मंडईत कोण नेणार? मीच की! अण्णा मागं बसणार, पिशवी माझ्या पोटाशी देणार आणि सिग्नल आला की खांद्यावर थाप मारून म्हणणार, "बघा सर, बंद पडली न्हाय!"

दहाव्या दिवशी मेस्त्रीचा फोन आला, गाडी तयार. मी दोन-दोन पायऱ्या चढत अण्णांकडं गेलो. म्हणालो, "अण्णा, चला, गाडी आणू!"

अण्णा चप्पल घालत शांतपणे म्हणाले, "ती राहू दे हो तिथंच. मला आता मागं बसायची सवय झाली. चला, मंडईला उशीर होतोय."

दीड महिना झाला या गोष्टीला. उठतो मी. अण्णा खाली वाट बघत असतील.