पोटात आहे तोवर

मोठी जन्माला आली तीच थकून, असं तिची धाकटी बहीण म्हणायची. पाच भावंडांत पहिली, म्हणून घरात सगळे तिला मोठीच म्हणत. पुढे नवराही तेच म्हणू लागला. पोरवय भावंडांची शेंबडी नाकं पुसण्यात गेलं आणि उरलेलं आयुष्य हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत चाललं होतं. तिथे दिवसभर धुण्याच्या यंत्रांचे भले मोठे ड्रम घरघरत. बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून मोठीनं बोलणंच कमी केलं. तेवढीच दमणूक वाचली.

लग्नाला बरीच वर्षं झाली, लोकांनी विचारणंही सोडून दिलं, तेव्हा कुठे तिला दिवस राहिले. आनंद झाला, नाही असं नाही. पण आठव्या महिन्यात पाय असे सुजले की चपलेत मावेनात, आणि कंबर तर रात्री कूस बदलू देईना. बाळंतपण कधी एकदाचं उरकतंय असं तिला झालं होतं. नवरा व्हॅन चालवायचा, स्वभावानं गरीब. तो म्हणायचा, "उरकल्यावर तर खरी मजा आहे. रात्र रात्र जागायचं." त्यावर ती त्याच्याकडे अशी बघायची की तो मुकाट्यानं भांडी घासायला उठायचा.

त्यातच सोनोग्राफीत बाळाच्या हृदयापाशी काहीतरी खटकलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी अरुंद वाटत होती. नुसती वाटत होती, कारण बाळ पाठ करून बसलं होतं आणि नीट काही दिसू देत नव्हतं. खरंच अरुंद असेल, तर जन्मल्याबरोबर औषध आणि काही दिवसांत ऑपरेशन. नसेल, तर घरी जा, आराम करा. सोक्षमोक्ष लावायला एमआरआय करायचं ठरलं. नसू दे, नसू दे, एवढंच मोठी चाचणीच्या दिवसापर्यंत मनात घोकत राहिली.

त्या दिवशी कपडे बदलून, केसांतल्या पिना काढून ती डाव्या कुशीवर निजली. यंत्र चालवणारी बाई चटपटीत होती. तिनं पोटावर जाडसर पट्टा ठेवला, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात रबरी फुगा दिला.

"घाबरल्यासारखं झालं तर हा दाबा. आवाज भयंकर होतो, आधीच सांगून ठेवते. मी 'श्वास धरा' म्हटलं की धरायचा. आणि बाळाला म्हणावं, जरा गप पड. ते हललं की फोटो बिघडतो."

"माझं कुठे ऐकतंय ते," मोठी म्हणाली.

यंत्र सुरू झालं. कुणी पत्र्यावर हातोडा घालावा तसा आवाज. भलेभले त्यात घामाघूम होतात. मोठीला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? इथे ओल्या चादरी ओढायच्या नव्हत्या. नुसतं पडून राहायचं होतं, आणि अजिबात हलायचं नाही असा खुद्द दवाखान्याचा हुकूम होता. असं सुख तिच्या वाट्याला कधी आलं होतं? महिनोन्महिने ड्रमची घरघर ऐकून बाळालाही सवय झाली असावी. तेही स्वस्थ झालं.

"श्वास धरा," बाईनं सांगितलं. मोठीनं धरला नाही. पुन्हा सांगितलं. उत्तर नाही. यंत्र थांबवून बाई धावत आत आली, तर मोठी चक्क घोरत होती.

"अहो ताई, जीव घेतलात की माझा! लोकांना इथून कधी एकदा बाहेर पडतो असं होतं, आणि तुम्ही झोपताय?"

मोठी ओशाळली. "फोटो बिघडले का?"

बाईनं बाहेर जाऊन पडदा पाहिला. मग तिचा हसरा आवाज हेडफोनमध्ये आला. "झोपा, खुशाल झोपा. तुम्ही दोघं झोपलात तेव्हाचेच सगळ्यात छान आलेत. बाकीचं मी बघते."

दुपारी हृदयाच्या डॉक्टरांनी नवऱ्यालाही आत बोलावलं, तेव्हाच मोठी काय ते समजली. चित्र इतकं स्वच्छ आलं होतं की शंकेला जागाच उरली नव्हती. रक्तवाहिनी अरुंद होती. मोठीला त्या चटपटीत बाईचा उगाचच राग आला. छान, छान म्हणत होती, ते हेच का?

"मग आत्ता त्याला त्रास होत असेल?" तिनं विचारलं.

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. "पोटात असताना रक्ताला दुसरी एक वाट असते. शिवाय श्वासाचं काम त्याच्या वतीनं तुम्हीच करताय. पोटात आहे तोवर ते अगदी मजेत आहे. जन्मल्यावर ती वाट बंद होते, अडचण तेव्हा. म्हणून बाळंतपण इथेच करायचं. ऑपरेशन बहुतेक मुलांना चांगलं सोसतं."

बाहेर व्हरांड्यात नवऱ्यानं तिला बाकावर बसवलं. तिचा उतरलेला चेहरा बघून तो जागच्या जागी घुटमळला.

"विचारून येऊ का, थोडं आधी मोकळं करतात का ते? तुझे हाल बघवत नाहीत."

मोठीनं त्याची बाही धरून त्याला शेजारी बसवलं.

"एक दिवससुद्धा आधी नको," ती म्हणाली. "माझ्याकडे त्याचं सगळं बरं चाललंय. त्याला बाहेर कसं सोडू मी?"

आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, भर व्हरांड्यात, ती मोठ्यानं रडायला लागली.